सॉलिडातनं काढलेला कॅल्क्युलेटर

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये, म्हणजे त्यांच्या अमेरिकन हिस्ट्रीच्या म्युझियममध्ये, ॲल्युमिनियमची एक डबी जपून ठेवलीय. लांबी सहा इंचाच्या थोडी वर, रुंदी सव्वाचार इंच, जाडी पावणेदोन, आणि वजन सव्वा किलोच्या थोडं वर. वरच्या बाजूला अठरा बटणं. स्क्रीन कुठं आहे म्हणून बघायला गेलं तर स्क्रीनच नाही, उत्तर कागदाच्या बारीक पट्टीवर छापून बाहेर येतं. हाताच्या तळव्यावर धरून बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार करणारा हा जगातला पहिला इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटर. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीत १९६७ साली तयार झाला आणि गुप्त ठेवायचा म्हणून त्याला नाव दिलं होतं कॅल-टेक.

मी त्याचे फोटो खूप वेळा बघितलेत. पार झूम करून. कारण माझं काम कोल्हापुरातल्या मशीनशॉपचं, आधी उद्यमनगर आणि आता शिरोली एमआयडीसी, आणि आमच्यासारख्या माणसाची नजर सर्किटच्या आधी बॉडीकडं जाते. ती बॉडी पत्र्याची नाही, कास्टिंगची पण नाही. ॲल्युमिनियमचा अख्खा ठोकळा घेऊन आतनं पोकळ करत आणलेली आहे. हे वाचलं आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी शॉपमधल्या आमच्या मामांना फोटो दाखवला. मामा म्हणजे जुने मिलर, मिलिंग मशीन चालवणारे, आता रिटायर झालेत तरी दुपारी येऊन बसतात, हँडव्हीलवर आयुष्य गेलंय त्यांचं. त्यांनी चष्मा लावून मोबाईल लांब धरला, बघितलं आणि म्हणाले, "सॉलिडातनं काढलाय व्हय? मग त्यास्नी विकायचा नव्हता, दाखवायचा हुता."

बरोबर ओळखलं की मामांनी. हजार नग काढायचे असते तर डाय म्हणजे धातूचा पक्का साचा केला असता, निदान पॅटर्न करून कास्टिंग तरी ओतलं असतं. एकदोनच नग पाहिजेत, मापं अजून रोज बदलतायत, आत काय काय बसणार ते सुद्धा पक्कं नाही, अशा वेळी आपण काय करतो, ठोकळा वाइसमध्ये धरतो आणि एंडमिलनं म्हणजे फिरत्या कटरनं पॉकेट काढत जातो, मटेरियलचा बराच भाग बर म्हणजे कीस होऊन खाली पडतो पण चालतंय, कारण वेळ वाचतो आणि उद्या चार सूत जागा जास्त लागली तर अजून खोल जाता येतं. टूलरूममध्ये काम केलेल्या कुणालाही ती डबी बघितली की हे कळणार. म्हणून मला ती इतकी जवळची वाटते.

आता याच्या मागची गोष्ट. याच टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या म्हणजे टीआयच्या जॅक किल्बीनं १९५८ च्या सप्टेंबरमध्ये पहिली इंटिग्रेटेड सर्किट म्हणजे आयसी, एकाच चिपेवर अख्खी सर्किट, चालवून दाखवली होती, त्यासाठी पुढं २००० साली फिजिक्सचं नोबेल पण मिळालं. पण १९६५ पर्यंत त्या चिपा घेणारं गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः मिलिटरी आणि अवकाशवाले. साध्या माणसाच्या हातात जाईल अशी वस्तू कुठली? कंपनीचे मोठे साहेब पॅट्रिक हॅगर्टी, यांनी १९५४ मध्ये ट्रान्झिस्टर खपावेत म्हणून खिशातला रेडिओ बाजारात आणवला होता, तसंच काहीतरी आयसीसाठी पाहिजे म्हणून त्यांनी किल्बीच्या मागं लकडा लावला. किल्बीनं माणसं जमवली, त्यातले दोघं महत्त्वाचे, जेरी मेरीमन आणि जेम्स व्हॅन टॅसल. पेटंटवर नावं याच तिघांची. सांगितलं काय होतं, तर हातात मावणाऱ्या लहान पुस्तकाएवढं काहीतरी करायचं, स्लाईड रूलची, म्हणजे इंजिनियर गणिताला वापरायचे त्या सरकत्या पट्टीची, जागा घेईल असं, आणि ते बॅटरीवर चाललं पाहिजे.

त्या काळी इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटर नव्हते असं नाही. इंग्लंडचा अनिता १९६१ चा, जपानच्या शार्पचा ट्रान्झिस्टरवाला १९६४ चा, पण तो शार्प पंचवीस किलोचा होता! टेबलावर ठेवायचा, भिंतीतल्या प्लगला जोडायचा. पंचवीस किलोवरनं सव्वा किलोवर आणायचं आणि वायर तोडायची, हे काम होतं.

मेरीमनबद्दल जरा थांबून लिहितो कारण हा माणूस मला फार आवडतो. टेक्सासमधल्या हर्न नावाच्या लहान गावातला पोरगा, अकरा-बारा वर्षांचा असताना गावातले रेडिओ दुरुस्त करायचा. कॉलेजात गेला पण डिग्री पुरी केली नाही. आणि याच माणसानं कॅल-टेकच्या लॉजिकचं डिझाईन तीन दिवसांत केलं. त्याचे जुने सहकारी ही गोष्ट सांगायचे तेव्हा म्हणायचे की तो स्वतः तिथं असता तर वाकून म्हणाला असता, "आणि रात्री पण." २०१९ मध्ये गेला तो. आपल्या उद्यमनगरात जुन्या नावाजलेल्या कारागीरांपैकी म्हादबा मेस्त्रींचं नाव निघालं की अजून लोक आदरानं बोलतात, वाय. पी. पोवारांचं नाव निघतं, त्या जातीची ही माणसं. शिक्षण किती झालं हा प्रश्न त्यांच्या कामापुढं कुणी विचारतच नाही.

बरं, गणित करणं हा भाग सगळ्यात अवघड असेल असं आपल्याला वाटतं. तसं नाहीये. मशीन गुणाकार करतं म्हणजे परत परत बेरीजच करतं. ३७ गुणिले १२ घ्या. दोनासाठी ३७ दोनदा मिळवले की ७४, मग एक घर सरकायचं आणि दहाच्या एकासाठी ३७ एकदा, म्हणजे ३७०, एकूण ४४४. आपण पाटीवर करायचो तेच, फक्त पाढा पाठ नाही म्हणून बेरजेवर भागवायचं. भागाकार म्हणजे वजा करत जायचं आणि किती वेळा झालं ते मोजायचं. हातचा सांभाळणारी एक बेरजेची सर्किट आणि आकडे धरून ठेवणारी जागा, एवढं नीट जमलं की बाकी सगळा क्रमाचा खेळ. अर्थात एवढंसुद्धा त्या आकारात बसवायला हजारो सुट्या पार्ट्सचं काम करणारे आयसी लागले, ते कमी नव्हे.

खरी पंचाईत होती आजूबाजूला. म्हणजे आकडा आत कसा घालायचा, बाहेर कसा काढायचा, आणि या सगळ्याला करंट कुठनं आणायचा.

बटणाचंच बघा. कुठलंही साधं कॉन्टॅक्टचं बटण दाबलं की आतली पट्टी एकदाच टेकत नाही, क्षणभर थरथरते आणि दोनचारदा टेकते. आपल्याला कळत नाही पण सर्किटला कळतं, ते ५ च्या जागी ५५५ धरून बसेल. ते निस्तरायचं, बटणं बोटाला लागली पाहिजेत आणि उंचीलाही कमी राहिली पाहिजेत. कीबोर्डचं हे काम व्हॅन टॅसलकडं होतं.

आणि उत्तर दाखवायचं कसं? टेबलावरच्या मशीनमध्ये काचेच्या निक्सी ट्यूब असायच्या, सुंदर नारिंगी आकडे, पण त्यांना दीडशे-पावणेदोनशे व्होल्ट लागतात आणि वर काच, खिशात कुठनं घालणार. लाल एलईडी शोधून तेव्हा जेमतेम तीन वर्षं झालेली, त्या महागही आणि करंट खाणाऱ्याही. एलसीडी तर अजून लांबच होती. मग यांनी तिसराच रस्ता काढला. उष्णतेनं काळा पडणारा कागद, आणि त्याच्यापुढं अगदी बारीक हीटरचे ठिपके असलेलं हेड. पाहिजे तेवढेच ठिपके तापवायचे, कागदावर आकडा उमटतो, पट्टी पुढं सरकते, पुढचा आकडा. शाई नाही, रिबन नाही, हातोडी नाही. बारा आकड्यांपर्यंत उत्तर यायचं. हा थर्मल प्रिंटर किल्बीच्या नावावर सांगतात, आणि आज भवानी मंडपापासनं कावळा नाक्यापर्यंत कुठल्याही दुकानात, पेट्रोल पंपावर जी बिलाची गुळगुळीत चिठ्ठी हातात पडते ना, ती त्याच पद्धतीनं छापलेली असते.

इथं मला आमच्या तात्यांची आठवण येते. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते, मार्केट यार्डात गुळाच्या अडतीत दिवाणजी होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी सगळं तोंडपाठ. गुळाचे रवे काट्यावर चढायचे, हमाल वजन ओरडायचा, आणि यांचं पेन चालू. साडेबारा क्विंटल, दर १७५ म्हणलं की २१८७ रुपये ५० पैसे हे आम्ही पोरं आकडे मांडेपर्यंत त्यांचं लिहून व्हायचं, त्यातनं अडत, हमाली, तोलाई वजा, आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी. पट्टी म्हणजे त्या माणसाच्या वर्षभराच्या ऊसाचा निकाल. गुऱ्हाळावर रात्री जागून काढलेला गूळ, त्याचे किती आले ते त्या चिठ्ठीवर.

म्हणून कॅल-टेकला कागद आहे हे मला इतकं पटतं. आकडा दिसून विझून जाणं आणि आकडा कागदावर राहणं यात हिशोबवाल्या माणसासाठी फार फरक आहे. स्क्रीनवरच्या उत्तराला साक्षीदार नाही. कागद असला की दुसरा माणूस तपासू शकतो, शेतकरी घरी नेऊन पोराला दाखवू शकतो. आता त्यातली गोम अशी की थर्मल कागद ऊन लागलं, उष्णता लागली की काही काळानं फिका पडतो, काळाही पडतो. तात्यांच्या रोजमेळीतली शाई चाळीस वर्षांनी सुद्धा स्वच्छ वाचता येते, मी वाचलीय. तेव्हा पट्टी छापणारं मशीन यार्डात आलं असतं तरी रोजमेळ लिहावाच लागला असता. तरीपण हातात धरून कागद देणारं यंत्र पहिल्या फटक्यात करणाऱ्यांना मी मानतो.

दुसरी एक गोष्ट मला सांगायचीय, स्लाईड रूलची. कॅल-टेक स्लाईड रूलच्या जागी म्हणून काढला, पण स्लाईड रूलवर बेरीज होत नाही! तिथं गुणाकार, भागाकार, वर्गमूळ, साइन, आणि ते पण तीन आकड्यांच्या आसपास बरोबर. इंजिनियरला चालतंय, दिवाणजीला काय उपयोग, त्याला पैसा न पैसा जुळला पाहिजे. म्हणजे चार क्रिया करणारा कॅल-टेक खऱ्या अर्थानं यार्डातल्या, गुजरीतल्या, लक्ष्मीपुरीतल्या माणसाचा होता. आमच्या मशीनशॉपचा कॅल्क्युलेटर आला तो १९७२ मध्ये, एचपी-३५. पस्तीस बटणं, साइन कॉस लॉग सगळं, किंमत ३९५ डॉलर. एक साधं उदाहरण देतो. १२० पीसीडीवर, म्हणजे १२० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर, सारख्या अंतरानं ५ होल मारायचेत, तर शेजारच्या दोन होलमधलं सरळ अंतर म्हणजे १२० गुणिले साइन ३६, ७०.५३ मिलिमीटर. आज फोनवर दोन सेकंदाचं काम. मामांच्या उमेदीच्या काळात लॉग टेबलची चोपडी उघडायची, तेलकट बोटानं ओळ धरायची, कागदावर गुणाकार करायचा, मग डिव्हायडर लावायचा. चोपडीची तेवढीच पानं काळी झालेली असायची, बाकीची कोरी. साइन बारवर अँगल लावायचा असला तरी तेच. ज्यानं हे केलंय त्याला एचपी-३५ ची किंमत कळते, आणि एचपी-३५ ला वाट करून देणारी वस्तू म्हणून कॅल-टेकची पण.

कॅल-टेक १९६७ च्या मार्चमध्ये चालू झाला. सप्टेंबरमध्ये पेटंटचा अर्ज गेला आणि पेटंट हातात पडलं ते १९७४ च्या जूनमध्ये, म्हणजे तोवर बाजार पार पुढं निघून गेला होता. त्याच डिझाईनवरनं, टीआयच्याच चिपा घालून जपानच्या कॅननने १९७० मध्ये पॉकेट्रॉनिक काढला, तो पण कागदाच्या पट्टीवालाच, पाऊण किलोच्या वर. १९७१ मध्ये बुसिकॉमचा खरोखर खिशात जाणारा हँडी आला, एका चिपवर सगळं गणित आणि लाल एलईडीचे आकडे. त्याच वर्षी अमेरिकेत बोमार, २४० डॉलर. मग टीआयचा स्वतःचा डेटामॅथ, इंग्लंडात सिंक्लेअर, कॅसिओचा मिनी, सगळे १९७२ चे. पुढं किमती इतक्या कोसळल्या की बोमार कंपनी १९७५ मध्ये दिवाळखोरीत गेली. १९८३ ला कॅसिओनं ०.८ मिलिमीटर जाडीचा, कार्डाएवढा कॅल्क्युलेटर काढला. पावणेदोन इंच म्हणजे साधारण ४४ मिलिमीटर, तिथनं सोळा वर्षांत ०.८ वर! आमच्या धंद्यात एखाद्या जॉबची जाडी एवढी उतरलेली मी तरी बघितली नाही.

आणि आपल्याकडं पण याचा एक धागा आहे. शिव नाडर आणि त्यांच्या जोडीदारांनी १९७० च्या दशकात आधी मायक्रोकॉम्प नावाची कंपनी काढून कॅल्क्युलेटर विकले, त्या पैशाच्या जोरावर पुढं एचसीएल उभी राहिली.

पण मला या सगळ्यात सगळ्यात जास्त कुठली गोष्ट भावली असेल तर ती १९७५ ची. त्या वर्षी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं कॅल-टेक म्युझियमला देऊन टाकला. विचार करा, तोवर कॅल्क्युलेटर स्वस्त झाले होते, शाळेतल्या पोरांच्या हातात गेले होते, आणि ही जाडजूड जड डबी कुणाच्याच कामाची नव्हती. कुठल्याही शॉपमध्ये अशा वस्तूचं काय होतं ते मला माहितीय. रॅकच्या खालच्या कप्प्यात जाते, वरनं धूळ बसते, मग दसऱ्याच्या आधी खंडेनवमीच्या साफसफाईत कुणीतरी म्हणतो, ॲल्युमिनियम हाय, भंगारात बरं वजन भरंल. आणि जाते. तिथं कुणीतरी म्हणालं असणार की हे राहू दे. त्या एका माणसामुळं आज मी कोल्हापुरात बसून त्याच्या कडा बघू शकतोय.

आपल्या गावात अशी पहिली पहिली कामं किती झालीत. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास विष्णुपंत दामल्यांच्या मदतीनं सिनेमाचा कॅमेरा इथंच बनवला, परदेशी कॅमेरा बघून त्याचे गिअर, त्याची फिल्म सरकवायची यंत्रणा सगळी इथल्या हातांनी. पंचगंगेचं पाणी ऊसाला उचलायला इंजिनं लागायची, ती दुरुस्त करता करता इथले मेस्त्री स्वतः इंजिन बनवायला लागले, त्या इंजिनांच्या पार्टांसाठी फौंड्र्या वाढल्या, आणि आज देशभरातल्या गाड्यांत कोल्हापूरचं कास्टिंग असतं. टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेला पोसायडनचा ब्राँझचा पुतळा आहे, लहानसा, दोन हजार वर्षांपूर्वी रोमन व्यापारातनं इथवर आलेला. मी त्याच्यापुढं उभा राहिलो की मेणाचा साचा, ओतकाम, फिनिशिंग असलं काहीबाही बघत बसतो. मला मनापासनं वाटतं की त्याच शहरात एका दालनात म्हादबा मेस्त्रींच्या काळातली इंजिनं, मोल्डरांची हत्यारं, लाकडी पॅटर्न, तेलकट लॉग टेबलं आणि अडतीतल्या पट्ट्या असाव्यात. ही पण आपली हत्यारं आहेत, तलवारींइतकीच.

हे सगळं बोलताना आमच्या शेजारच्या शेडचे अण्णा ऐकत होते. त्यांचा फौंड्रीला पॅटर्न द्यायचा जुना धंदा. ते म्हणाले, "अरे, आमच्या वडलांचा लाल आकड्यांचा हाय की घरात, मुंबईहून आणलेला. कपाटात पडलाय, चालत न्हाई." मी विचारलं, अण्णा, सेल आत आहेत का? म्हणाले, असतील.

तर ज्यांच्या घरात असला जुना कॅल्क्युलेटर आहे त्यांच्यासाठी एवढं लिहून ठेवतो. आधी मागचं झाकण उघडून सेल काढा. जुने रिचार्जेबल निकेल-कॅडमियमचे सेल असतील तर ते फुटून क्षार बाहेर येतो, कॉन्टॅक्टच्या पट्ट्या खातो आणि हळूहळू सर्किटच्या ट्रॅकपर्यंत जातो. पांढरट हिरवट दिसलं तर हातात मोजे घालून, कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा, मग स्पिरिटनं पुसा आणि वाळू द्या. थिनर लावू नका, बटणांवरची अक्षरं जातात. घरातला मिळेल तो ॲडॅप्टर जोडून बघू नका, जुन्या मशीनचं प्लस मायनस उलटं असू शकतं. सेल कचऱ्यात टाकू नका, कॅडमियम विषारी असतं. आणि पेटी, बिल, चामड्याचं कव्हर काही टाकू नका, उलट एका कागदावर लिहून आत ठेवा की हा कुणी घेतला, कधी, कशासाठी वापरला, शाईनं लिहा. कोल्हापुरातला कॅल्क्युलेटर असला तर गुळाचा हिशोब केला का पीसीडी काढला हे पण लिहा, मला ते वाचायला फार आवडेल.

अण्णांकडं रविवारी जाणार आहे. मामा पण येतो म्हणालेत, व्हर्नियर घेऊन. त्यांना त्याची बॉडी मोल्डिंगची आहे का सॉलिडातली ते बघायचंय, मी सांगितलंय मोल्डिंगचीच असणार, पण त्यांचं म्हणणं हातात घेतल्याशिवाय बोलू नये.